हा कुणावर गेलाय?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाची वाटचाल ठरावीक टप्प्यांनी होते. पहिल्या वर्षी दिसेल तो पक्षी नवा असतो. दुसऱ्या वर्षी तो मोठी लेन्स घेतो. तिसऱ्या वर्षी आसपासचे पक्षी काढून संपतात, लेन्सचे हप्ते मात्र संपलेले नसतात. मग तो रोजच्याच बुलबुलाकडे रोखून बघायला लागतो. एका रविवारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करतो, आणखी मोठा करतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून शेजारच्याला विचारतो, "हा हायब्रिड तर नसेल?"

तिथून पुढे त्या बुलबुलाची धडगत नाही.

सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात हिवाळ्यातल्या रविवारी पक्ष्यांपेक्षा लेन्सच जास्त असतात. लपणात माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, प्रत्येकाच्या अंगात पानापानांच्या नक्षीचा शर्ट, आणि 'शूऽऽ' म्हणणाऱ्यांचा आवाज सगळ्यात मोठा. या मंडळींत दोन पात्रं हमखास असतात. एक लेन्सवाले काका. नोकरीत असेतो त्यांनी कुठल्याही फायलीवर तीन शेरे मागवल्याशिवाय सही केली नाही. निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या बाबतीत मात्र निकाल जागच्या जागी. दुसरे म्हणजे सर. पक्षी बघणाऱ्यांच्या प्रत्येक टोळीत एक सर असतातच. ते कुठे शिकवतात, हे कुणी विचारत नाही. सरांकडे कॅमेरा नसतो. घासून घासून रंग उडालेली दुर्बीण असते. आणि कुणी फोटो पुढे केला की सरांचा प्रश्न एकच, "पाठमोरा आहे का?"

पाठमोरा फोटो कधीच नसतो.

संकर ओळखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही, ती बारशाला वापरतात. पाळण्यात वाकून आत्या सांगते, "नाक अगदी आमच्या अण्णांचं." मावशीला कपाळ आपल्या माहेरचं वाटतं. कान कुणाचेच जुळले नाहीत तर एखाद्या दूरच्या चुलत आजोबांना जबाबदार धरलं जातं. बुलबुलाच्या फोटोभोवती जमलेले जाणते पुरुष नेमकं हेच करत असतात : "शेंडी शिपाई बुलबुलाची, छाती लालबुड्या बुलबुलाची." फरक एवढाच, की बारशाला आईबाप तिथेच जेवायला बसलेले असतात.

काकांचा खटला असा होता. शिपाई बुलबुलांच्या टोळीत एक जण बसलाय. शेंडी आहे, पण शिपायाच्या गालावर असतो तो लाल ठिपका नाही. बुडाखाली लाल हवं, तिथे नारिंगी. "बाप शिपाई, आई लालबुड्या," काकांनी पत्रिका जुळवून टाकली.

खटला अगदीच पोकळ नव्हता, हे सांगायला हवं. पिंजऱ्यात या दोन बुलबुलांचा संकर झाल्याच्या नोंदी आहेत. वायव्येकडे लालबुड्या बुलबुल आणि पिवळ्या बुडाचे त्याचे भाऊबंद, म्हणजे हिमालयी बुलबुल आणि पांढऱ्या कानाचा बुलबुल, जिथे शेजारी शेजारी राहतात तिथे रानातही सोयरीक होते, आणि लाल-पिवळ्याच्या मध्ये कुठेतरी अडकलेल्या बुडाची संतती जन्माला येते. थोडक्यात, बुलबुल फार सोवळे नाहीत.

सरांनी फोटो बघितला, पाठमोरा नाही याची खातरी केली आणि विचारलं, "वय काय त्याचं?"

शिपाई बुलबुलाचं पिल्लू घरटं सोडतं तेव्हा त्याच्या गालावर लाल ठिपका नसतो आणि बुडाखालचा रंग तांबूस-नारिंगी असतो. काकांनी ज्याच्या जन्माचं रहस्य उघड केलं होतं, त्याला जन्मून फार दिवसच झाले नव्हते. शेजारी बसून त्याला किडा भरवणारे दोघे, गालावर ठळक लाल ठिपके मिरवणारे अस्सल शिपाई, फोटोच्या कडेला अर्धे कापले गेले होते. "फ्रेम नीट यावी म्हणून क्रॉप केलं," काका म्हणाले. आईबाप कापून टाकायचे आणि मग मूल कुणाचं म्हणून विचारायचं, ही छायाचित्रकलेची जुनी खोड आहे.

मग खरा संकर दिसतो तरी कसा? एका पिसाच्या रंगावरून तो ठरत नाही. लालबुड्या आणि शिपाई यांचा संकर असेल, तर शेंडी शिपायाइतकी टोकदार नको आणि लालबुड्याइतकी तोकडीही नको. शिपायाचं पोट पांढरं, लालबुड्याच्या छातीवर खवल्यांची नक्षी. संकरात काहीतरी अधलंमधलं हवं. लालबुड्याची कंबर, म्हणजे शेपटीच्या मुळाशी पाठीवरचा भाग, पांढरीशुभ्र असते आणि शिपायाची तपकिरी. निकालाच्या दृष्टीने ही फार कामाची जागा, पण ती पक्षी उडाला की दिसते, आणि पक्षी उडाला की आपण कॅमेरा खाली ठेवून "गेला!" म्हणतो. सरांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. आवाज, आकार, चोच, शेपटी, पाठ, पोट अशा दहा ठिकाणी दोन्ही घराण्यांची साक्ष मिळाली, तर संशयाला जागा. नऊ साक्षीदार शिपायाचे आणि दहावा फितूर, तर तो फितूर का झाला हे आधी बघावं.

फितुरीची कारणं पक्ष्यांच्या जगात भरपूर आहेत. जांभळा शिंजीर विणीच्या हंगामात काळानिळा चमकतो. हंगाम सरला की मादीच्या पिवळट कपड्यांत येतो आणि छातीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा ठेवतो. पुन्हा जांभळा होताना अधेमधे ठिगळं. त्या महिन्यांत त्याला बघणारा प्रत्येक नवखा माणूस शास्त्रात भर घालायला निघतो. स्वर्गीय नर्तकाचा नर तांबूसही असतो, पांढराही, आणि क्वचित दोन्ही रंगांची पिसं एकदम अंगावर वागवणाराही. तांबूस आणि पांढरा नर पाठोपाठ दिसले की लपणात कुजबुज सुरू होते. ती दोघांचं लग्न लावून मगच थांबते. दोघेही नर आहेत, ही अडचण कुणाच्या लक्षात येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की निराळाच तमाशा. मध प्यायला फुलात डोकं खुपसणारे शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल परागांनी कपाळं माखून बाहेर येतात. पिवळ्या कपाळाची साळुंकी कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून ती नवी. संध्याकाळी आंघोळ करून ती जुनी होते. ऐन पिसं गळण्याच्या दिवसांत एखादी साळुंकी डोक्याने पूर्ण टकली होते; आतली कातडी पिवळी असल्याने ती असं काही रूप धारण करते, की काकांनी तिच्या वंशावळीत गिधाड शोधायला सुरुवात केली होती. पंखात चारदोन पांढरी पिसं असलेल्या कावळ्याबद्दलही लोक बगळ्याकडे बोट दाखवतात. पिसात रंगद्रव्य उतरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बगळ्याचं चारित्र्य स्वच्छ आहे.

डोळ्यांवरूनही गोंधळ होतो. आपल्या सह्याद्रीकडच्या जंगली मैनेचे डोळे निळसर-पांढरे, तर उत्तरेकडच्या जंगली मैनेचे पिवळे. दख्खनचे पक्षी गोळा करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये आपल्याकडच्या या मैनेला 'महराट्टेन्सिस' असं नाव देऊन ठेवलं आहे. ही एकाच जातीची प्रादेशिक रूपं. घारे डोळे दिसले की आपल्या लोकांचा तर्क आधी कोकणाकडे धावतो. मैनेच्या बाबतीत तो आवरावा.

आणि हे सगळं नसेल, तर प्रकाश असतो. हिरव्या पानांतून गाळून आलेलं ऊन पांढऱ्या पोटाला पिवळट करतं. मावळतीचं ऊन लालाचं नारिंगी करतं. उरलेलं काम संगणकावर रंग गडद करणारी पट्टी करते. ती जरा उजवीकडे सरकवली की कुठल्याही दोन जातींचं लग्न लागतं. पक्ष्यांच्या संकराचं सगळ्यात मोठं क्षेत्र काकांच्या लॅपटॉपमध्ये आहे, असं सर एकदा म्हणाले. काका त्या दिवशी चहाचे पैसे न देता निघून गेले.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली लहान असताना त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग होता. १९०८ च्या सुमारास ती घेऊन तो पोरगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं, आणि वर कपाटं उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. हीच चिमणी आज कुणाच्या फोटोत आली असती, तर मिलार्डसाहेबांपर्यंत प्रकरण पोचलंच नसतं. "घरचिमणी गुणिले सुगरण, हायब्रिड" असा निकाल लागून, खाली पंचवीस अंगठे उमटून, भारतीय पक्षिशास्त्र तिथेच आटोपलं असतं.

म्हणजे संकर नसतातच का? असतात, आणि त्यांच्यातले काही आपल्या ज्वारीवर येऊन बसतात, ही खरी गंमत. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपापासून इराणपर्यंत वीण करतो, लाल डोक्याचा भारीट मध्य आशियात. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला, उत्तर इराणात, दोघांच्या हद्दी भिडतात आणि तिथे आंतरजातीय विवाह होतात. हिवाळ्यात दोन्ही घराणी थव्याथव्यांनी भारतात उतरतात. लग्न इराणात, हुरडा सोलापुरात. तेव्हा डोकं धड काळं नाही, धड तांबडं नाही, पाठ काळ्याची आणि छाती लालाची असा एखादा नर रब्बीच्या कणसावर सापडणं ही अगदी शक्य कोटीतली गोष्ट आहे.

पण इथेही घाई नडते. नव्या पिसांच्या कडा फिकट असतात. त्या झिजत जातात तसा आतला काळा किंवा तांबडा रंग उघडा पडतो; त्यामुळे हिवाळ्यात कितीतरी अस्सल नर अर्धवट रंगवून सोडल्यागत दिसतात. माद्यांची तर गोष्टच काढायला नको. दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या, की शहाणी माणसं ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना 'काळ्या डोक्याचा / लाल डोक्याचा भारीट' असा तिरक्या रेघेचा पर्याय निवडून मोकळी होतात. ज्या मादीची जातच सांगता येत नाही, तिच्या संकराबद्दल काका मात्र ठाम असतात.

अशाच एका शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या मालकाला काकांनी थांबवलं. "अहो दादा, मारू नका, दोन जातींचे पक्षी आहेत, कदाचित मिश्रसुद्धा!" मालकाने गोफणीत खडा घालता घालता सांगितलं, "काळं काय न् तांबडं काय साहेब, कणसावर बसल्यावर सगळी एकाच जातीची." वर्गीकरणशास्त्रात या विचारसरणीला अजून मान्यता नाही, पण ज्वारी त्याची होती.

संकर ठरवताना अतिशहाण्यांचीही कशी फजिती होते, हे अमेरिकेत बघावं. तिथे सोनेरी पंखांचा आणि निळ्या पंखांचा असे दोन चिमुकले वॉर्बलर आहेत. १८७४ च्या सुमारास त्यांच्या सोयरिकीतून झालेले दोन निराळे नमुने सापडले आणि पंडितांनी त्यांना दोन नव्या जाती म्हणून जाहीर केलं : ब्रूस्टरचा वॉर्बलर आणि लॉरेन्सचा वॉर्बलर. लक्षात घ्या, त्यांच्यापुढे फोटो नव्हता, पक्षी हातात होता. जाती पुढे बाद झाल्या, नावं मात्र अजून चालू आहेत. २०१६ मध्ये या दोन मूळ जातींचा जनुकसंच तपासला, तर तो ९९.९७ टक्के सारखा निघाला. वेगळे असे जेमतेम सहा भाग, त्यातले बहुतेक पिसांच्या रंगाशी निगडित. माणसांनी दीडशे वर्षं ज्याच्यावर वाद घातला, तो फरक मुख्यतः कपड्यांचा होता.

त्याच वॉर्बलरांचा पुढचा पराक्रम २०१८ च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियात झाला. लोवेल बर्केट नावाच्या पक्षिनिरीक्षकाला एक वॉर्बलर दिसला. रूप ब्रूस्टरचं, पण गात होता तो तिसऱ्याच, चेस्टनट-साइडेड वॉर्बलरचं गाणं. बर्केट यांनी फोटो आणि चित्रीकरण केलं आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना कळवलं. डेव्हिड टोव्ज जातीने आले, पक्षी जाळ्यात धरला, मापं घेतली, रक्ताचा थेंब घेतला. निकाल : आई स्वतःच संकरित, आणि बाप वेगळ्या जातीचाच नव्हे, तर वेगळ्या प्रजातीतला, म्हणजे जीनसमधला. एका पक्ष्यात तीन जाती. हा पक्षी बर्केट यांना खटकला कशामुळे? नेहमीचे वॉर्बलर त्यांना इतके पाठ होते, की एकाचं गाणं दुसऱ्याच्या चोचीतून आलेलं कानाला बोचलं. अपवाद त्यालाच दिसतो ज्याची नियमाशी रोजची ऊठबस असते. आमच्याकडे उलटी रीत आहे : नियम नंतर बघू, आधी अपवाद दाखवा.

टेक्सासमधली गोष्ट अगदी अलीकडची. २०२३ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका उपनगरात एका घराच्या परसात निळसर, काळ्या चेहऱ्याचा 'जे' नावाचा पक्षी आला. फोटो टेक्सास विद्यापीठातल्या ब्रायन स्टोक्स या संशोधकाच्या नजरेस पडला. तो जाऊन परसात जाळं लावून बसला. रक्त तपासलं, तर आई हिरवा जे, बाप निळा जे. दोन्ही घराणी सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी विभक्त झालेली. हवामान बदललं तशी हिरव्याची हद्द उत्तरेला आणि निळ्याची पश्चिमेला सरकली, आणि एका गावात येऊन गाठ पडली. २०२५ मध्ये हे संशोधन छापून आलं. सत्तर लाख वर्षांचा अबोला असा सुटतो, आणि आपल्याकडे बांधावरून भांडलेले दोन चुलते एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत.

या दोन्ही प्रकरणांत फोटोने काम काय केलं? प्रश्न विचारला. उत्तर रक्ताने दिलं. त्यातही आईकडूनच मिळणारा डीएनए असतो, तो फक्त आई सांगतो. बाप शोधायला वेगळी तपासणी लागते. म्हणजे काकांच्या फोटोवरून "बाप शिपाई, आई लालबुड्या" हे जे एका दमात ठरलं, ते ठरवायला प्रयोगशाळेला दोन हेलपाटे घालावे लागतात.

हे दोन्ही पक्षी नर होते, हेही ध्यानात घेण्याजोगं. एक तर नर गातो, रंगीत असतो, नजरेत भरतो. शिवाय हाल्डेनचा नियम आहे. जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरात वारले, त्यांनी १९२२ मध्ये मांडलं, की संकरात अशक्त किंवा वांझ होण्याची पाळी आधी त्या लिंगावर येते, ज्याच्याकडे दोन निरनिराळी लिंगगुणसूत्रं असतात. माणसात ती पुरुषाकडे असतात, पक्ष्यांत मादीकडे. त्यातून एखादी संकरित मादी तगलीच, तर ती बहुधा मातकट, मुकी आणि पानाआड. तिचा फोटो कुणी काढत नाही. काढला तर आधी डिलीट करतात.

माझा अंदाज असा, की खरे संकर काकांच्या संग्रहात असलेच, तर 'साधा बुलबुल, आउट ऑफ फोकस' अशा फोल्डरमध्ये पडलेले असतील. कारण संकराची पिढी पुन्हा मूळ घराण्यात सोयरीक करते आणि दोनचार पिढ्यांत दिसायला चारचौघांसारखी होते. एखादं मिश्र कुटुंब मात्र नव्या घराण्यालाच नावारूपाला आणतं. इटलीची चिमणी घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांच्या संकरातून निपजली. आज तिला स्वतंत्र जात म्हणून मान आहे. पुरेशी वर्षं गेली की कुणी पत्रिका विचारत नाही.

अखेर मागच्या हिवाळ्यात काकांना भारीट सापडला. डोक्यात काळा आणि तांबडा दोन्ही, पाठ मिश्र, कंबरेवर पिवळी झाक. आणि फोटो पाठमोरासुद्धा. सरांनी दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला, सगळे फोटो दोनदा बघितले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "संशयाला जागा आहे." काकांनी त्या दिवशी सगळ्यांना मिसळ दिली. मग ऐटीत मोबाइल काढून ई-बर्डवर नोंद केली. तिथे संकराची नोंद करायची सोय आहे. नोंद झाली, फोटो चढला, आणि काकांच्या आयुष्यभराच्या यादीतला आकडा होता तिथेच राहिला.

"वाढला नाही," काका म्हणाले.

"वाढणार नाही," सर म्हणाले. "यादीत जाती मोजतात. संकर ही जात नाही."

काकांनी मिसळीचं बिल एकदा बघितलं. "निदान अर्धा-अर्धा तरी धरा. अर्धा काळ्या डोक्याचा, अर्धा लाल डोक्याचा. मिळून एक होतो की नाही?"

"होतो. पण ते दोघे तुमच्याकडे आधीच आहेत."

काका बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तिसरीच एखादी नवी जात तर नसेल?"